डोळ्यातलं पाणी अडवायचं, पण कुठलं?

अकोला जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. जरा लांब आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"डॉक्टर, माझं वय ५३. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, डोळे चुरचुरतात. संध्याकाळपर्यंत तर पापणी मिटली की आत वाळू घासतेय असं वाटतं. दिवसातून सात-आठ वेळा ड्रॉप टाकते. सुरुवातीला स्कुटीवर वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, आता तेही येत नाही. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, मुळाशी कोंड्यासारखं दिसतं. वर्षभरात दोनदा रांजणवाडी झाली. इथल्या डॉक्टरांनी पापणीत कागदाच्या पट्ट्या अडकवून तपासलं, 'उजवा ४, डावा ६' असं लिहून दिलं. आता ते म्हणतात, डोळ्यातलं पाणी ज्या वाटेने नाकात जातं ती वाट बारीकसा प्लग बसवून बंद करू. आमचे मिस्टर म्हणतात, मोरीला बोळा कोंबल्यावर पाणी तुंबणार नाही तर काय होणार? मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो, एकदा बंद केलं की कायमचं. शेजारच्या काकूंचा एरंडेल तेलाचा आग्रह आहे. मी कोणाचं ऐकू?

बाकी तब्येत ठीक. हल्ली भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, पण ते वयाचं असेल. सकाळी बोटं आखडतात. धुळीची ॲलर्जी आहे म्हणून रोज रात्री सिट्रिझिन घेते.

मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. मागच्या वर्षी आई गेली तेव्हा पोटातून रडू आलं, पण डोळ्यात टिपूस नाही. नातेवाईक बघत होते. पाठवणीला पुन्हा तसं नको."

ताई,

प्लगला घाबरू नका. पण या आठवड्यात बसवूनही घेऊ नका. आधी दोन कामं करायची आहेत. त्यातलं एक तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. दुसरं त्यांना सुचलंच नसेल, कारण भाकरीच्या घासाची गोष्ट तुम्ही त्यांना सांगितलीच नसणार. डोळ्याच्या डॉक्टरला भाकरीबद्दल कोण सांगतं!

प्रथम मिस्टरांच्या मोरीकडे येऊ, कारण त्यांची शंका चुकीच्या ठिकाणाहून आलेली नाही. आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला, अगदी कोपऱ्याजवळ, बोटाने किंचित खाली ओढा. कडेवर सुईच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. म्हणजे दोन डोळ्यांना मिळून चार. आपण पापणी मिटतो तेव्हा अश्रू या छिद्रांतून आत ओढले जातात, बारीक नळीतून नाकाशेजारच्या अश्रुपिशवीत आणि तिथून नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते यामुळे, आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव थोड्या वेळाने घशाशी येते तीही यामुळेच. काचबिंदूच्या रुग्णांना आम्ही ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून त्या कोपऱ्यावर दोनेक मिनिटं बोट दाबून धरायला सांगतो. तेवढ्यापुरता तो बोटाचा प्लगच म्हणायचा.

आता हिशोब बघा. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर नवे तयार होतात. ड्रॉपच्या बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे तुम्ही एका वेळी दोन थेंब टाकत असाल तर दुसरा थेट गालावर जातो. पहिल्यातलाही बराचसा ओघळतो आणि राहिलेला काही मिनिटांत नाकाच्या वाटेला लागतो. सात-आठ वेळा टाकूनही संध्याकाळी वाळू का, ते लक्षात आलं असेल. टँकर रोज येतोय, पण हौदाला खाली भोक आहे.

तर मोरीचं भोक बुजवलं तर तुंबेल का? नळ धो-धो वाहत असेल तर हो, तुंबेल. तुमचा नळ ठिबकतोय. त्यातलं काही अकोल्याच्या उन्हात हवेतच उडून जातं. शिवाय पहिल्यांदा सहसा फक्त खालची दोन छिद्रं बंद करतात, वरची दोन मोकळी राहतात. तरीही एखाद्याला पाणी जास्त होतं आणि डोळा सतत भरून येतो. तसं झालं तर प्लग काढता येतो.

मुलाची काळजी इथेच मिटते, तरी त्याला नीट सांगा, कारण त्याने वाचलं तेही खोटं नाही. ही वाट बंद करण्याची युक्ती जुनी आहे. पूर्वी ते छिद्र तापलेल्या तारेने डागून बंद करत. त्या जागी व्रण धरतो आणि वाट बहुधा कायमची बुजते. आजही अगदी कोरड्या पडलेल्या डोळ्यांसाठी ते करतात, पण ते शेवटचं पाऊल. काढता-घालता येणारा सिलिकॉनचा प्लग १९७५ साली फ्रीमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पुढे आणला. दिसायला तो कुडत्याच्या स्टडसारखा असतो, फक्त मिलिमीटरच्या हिशोबातला: वर चपटं डोकं, मध्ये बारीक मान, खाली फुगीर टोक. डोकं छिद्राबाहेर राहतं, त्यामुळे डॉक्टरला तो जागेवर आहे की नाही ते दिसतं आणि नको असेल तेव्हा चिमट्याने धरून काढता येतो.

मी पंचगंगेच्या काठी वाढलो, म्हणून मला हे कोल्हापुरी बंधाऱ्यासारखं वाटतं. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पुढचा पाऊस यायच्या आधी बरगे काढून नदी मोकळी करायची. डागणं म्हणजे पक्कं धरण, प्लग म्हणजे बरगे. तुमच्याकडेही असले बंधारे आहेत, मिस्टरांना तेच दाखवा. मोरीच्या बोळ्यापेक्षा हे उदाहरण त्यांना पटेल.

प्लगमध्येही प्रकार आहेत. कोलॅजनचा आठवड्याभराच्या आसपास विरघळतो, तो बहुतेक चाचणीपुरता. दुसरा शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या द्रव्याचा असतो, काही महिने टिकतो. सिलिकॉनचा आपणहून विरघळत नाही. काही प्लग पूर्ण आतल्या नळीत बसतात. बाहेरून दिसत नाहीत, टोचत नाहीत, सुटसुटीत वाटतात, पण पुढे त्रास झाला तर शोधणं आणि काढणं कठीण पडतं. माझं मत विचाराल तर आधी विरघळणारा, जमलं तर नंतर डोक्याचा सिलिकॉनचा. पूर्ण आत जाणारा कोणी सुचवला तर तो का, आणि काढायची वेळ आली तर कसा काढणार, हे विचारल्याशिवाय मान हलवू नका.

बसवणं म्हणजे ऑपरेशन नव्हे. दवाखान्यात डोळे तपासायचं जे यंत्र असतं, स्लिट लॅम्प, त्याच्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं, बधिर करणारा थेंब टाकतात, छिद्राचं माप घेतात, गरज असेल तर ते किंचित रुंद करतात आणि प्लग सरकवतात. दाबल्यासारखं वाटतं. काही मिनिटांत दोन्ही डोळे आटोपतात. मापाला महत्त्व आहे: ढिला बसला तर पडतो, जास्त घट्ट बसला तर तिथली त्वचा चिडते.

हे झालं प्लगबद्दल. आता खरा प्रश्न. आपल्याकडे भिंतीभिंतींवर लिहिलेलं असतं, पाणी अडवा, पाणी जिरवा. डोळ्यात जिरवायचं काही नाही, फक्त अडवायचं आहे. पण बंधारा घालताना वर साचणारं पाणी कसलं आहे ते कोणी बघायला नको का? ओढ्यात वरच्या अंगाला गुरं धूत असतील तर अडवलेल्या पाण्यावर शेवाळच धरणार.

तुमच्या पापण्या सकाळी चिकटतात, मुळाशी कोंडा आहे, वर्षात दोन रांजणवाड्या झाल्या. म्हणजे पापण्यांच्या कडा सुजलेल्या आहेत. तिथे तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या-खालच्या पापणीत मिळून प्रत्येक डोळ्याला पन्नासेक. सतराव्या शतकात मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने त्यांचं वर्णन केलं, म्हणून मायबोमियन ग्रंथी. त्यांतलं तेल अश्रूंवर पातळ साय धरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. कडा सुजल्या की तेल दाट होऊन टूथपेस्टसारखं अडकतं, साय फाटते, पाणी उडतं. आणि सुजेची रसायनं अश्रूंत मिसळत राहतात. अशा वेळी प्लग बसवला तर डोळ्यावर काय अडून राहील? तीच रसायनं. कोरडेपणा कमी आणि आग जास्त.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ओपीडीत गर्दी, बाई चार तास प्रवास करून आलेल्या, पुन्हा बोलवायला जीव होईना. पापण्या लाल दिसत असूनही प्लग बसवून टाकले. आठ दिवसांनी त्या परत आल्या त्या रागावूनच, आणि बरोबरच होतं त्यांचं. प्लग काढले, दीड महिना पापण्यांवर काम केलं, मग पुन्हा बसवले. दुसऱ्या खेपेला तक्रार आली नाही.

म्हणून पहिलं काम पापण्यांचं. मूठभर कोरडे तांदूळ स्वच्छ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा, तव्यावर गरम करा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि सोसेल एवढ्या उबेने मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं शेका. ओला पंचा चालतो, पण दोन मिनिटांत गार होतो आणि पुन्हा पुन्हा उठायचा कंटाळा येऊन चौथ्या दिवशी शेक बंद पडतो, हा माझा अनुभव. शेकल्यावर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, हलक्या हाताने, कडेकडे दाबत न्या. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने मुळाशी असलेला कोंडा पुसा. रोज. पाच-सहा आठवडे. बरोबर काही औषध लागेल का, सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनसारखे थेंब हवेत का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. तेवढे दिवस काजळ बंद. कायमचं म्हणत नाही, पण पापणीच्या आतल्या कडेवर कधीच लावू नका. त्या तेलाच्या ग्रंथींची तोंडं तिथेच असतात.

ड्रॉपची बाटली हातात घेऊन तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून. बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का? बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. दिवसातून दोन-तीनदा टाकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. सात-आठ वेळा टाकणाऱ्याच्या डोळ्याला तेच बोचतं. आणि प्लग बसल्यावर तर ते डोळ्यावर जास्त वेळ टिकणार. बंधारा चांगल्या-वाईटात फरक करत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री ड्रॉप मागा, थोडे महाग पडतात. मेडिकलवाल्याने लाली घालवायला म्हणून दिलेले थेंब, किंवा घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब, यांना तर हातही लावू नका.

काकूंच्या एरंडेलाबद्दल एकच. तेल वाईट म्हणून नाही, पण घाण्यावरचं किंवा कपाटातलं तेल डोळ्यात घालण्याएवढं निर्जंतुक नसतं. गुलाबपाणी आणि मध यांचंही तेच. काकूंना वाईट वाटू द्यायचं नसेल तर एरंडेल तळपायाला लावा.

आता ते 'उजवा ४, डावा ६'. हे मिलिमीटर आहेत. जर्मनीत शिर्मर यांनी १९०३ साली ही तपासणी सांगितली: कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजायचं. दहाच्या वर असेल तर बहुधा ठीक. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे पाणीच कमी बनतंय. कोरडे डोळे म्हणून येणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांचं पाणी पुरेसं असतं, तेल कमी पडतं म्हणून ते उडून जातं. त्यांना वाऱ्यात घळाघळा पाणी येतं. डोळा चुरचुरला की मोठी अश्रुग्रंथी घाबरून एकदम धार सोडते. मग ते विचारतात, 'पाणी वाहतंय आणि तुम्ही कोरडे डोळे कसे म्हणता?' अशांना प्लग लावला तर त्यांचं वाहणं वाढतं.

तुमचंही सुरुवातीला तसंच होतं. मग ती धारही थांबली. आई गेल्या तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हता. ताई, तो तुमच्या मायेतला कमीपणा नव्हता. ग्रंथीतच पाणी नव्हतं. नातेवाईकांना काय वाटायचं ते वाटो, पण तुम्ही ही गोष्ट वर्षभर मनात धरून ठेवली असेल तर ती आज सोडून द्या.

आणि याच्याच शेजारी तुम्ही लिहिता, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सकाळी बोटं आखडतात. हे दुसरं काम. डोळ्यातलं पाणी, तोंडातली लाळ आणि सांधे या तिघांची तक्रार एकाच घरातून आली तर घर तपासावं लागतं. स्वीडनमध्ये हेन्रिक शोग्रेन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. कोरड्या डोळ्यांच्या बायका सांधे दुखतात आणि तोंड कोरडं पडतं असंही सांगतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि अशा १९ स्त्रियांवर त्यांनी १९३३ साली प्रबंध लिहिला. तेव्हा विद्यापीठात त्याचं काही कौतुक झालं नाही. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त, आणि बहुधा तुमच्याच वयात. टेनिसपटू व्हीनस विल्यम्स यांनी २०११ साली आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतरही त्या वर्षानुवर्षं खेळत राहिल्या. ही वाट पुढे कुठे जाते याची भीती वाटू नये म्हणून हे सांगितलं.

तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. कारण एक साधा संशयितही घरात आहे: रोज रात्रीची सिट्रिझिन. ॲलर्जीच्या अशा गोळ्या सर्दीचं नाक सुकवतात, त्याबरोबर तोंड आणि डोळेही सुकवतात. झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांचंही तसंच. मनाने बंद करू नका, पण फिजिशियनना विचारा की ही रोज हवी का, याऐवजी नाकातला स्प्रे चालेल का. ॲलर्जी डोळ्यांतही असेल, खाज येत असेल, तर तीही आधी शांत व्हायला हवी, नाहीतर प्लग धुळीचे कणही अडवून धरणार.

आणि गोळीचं काहीही ठरलं तरी संधिवाताच्या तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. अकोल्यात किंवा नागपूरला. त्यांना डोळ्यांचा कागद दाखवा, भाकरीची गोष्ट सांगा, बोटांची सांगा. अँटी-रो नावाची रक्ततपासणी असते, आणखीही एक-दोन असतात. कधी ओठाच्या आतून तुकडा काढून तपासतात. थायरॉइडही बघून घ्या. दातांच्या डॉक्टरांना गाठा. लाळ कमी असली की दात भराभर किडतात, आणि हे कोणी सांगत नाही. आजार निघाला तर प्लग टळतो असं नाही. उलट पाणीच कमी असलेल्या डोळ्यांना तो जास्त उपयोगाचा. फक्त मग तो एकूण उपचारातला एक तुकडा असतो.

प्लगची बाजू मी घेतोय असं वाटत असेल तर दुसरी बाजूही घ्या. जगभरच्या प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्याने २०१७ साली असं म्हटलं की प्लगचा फायदा ठामपणे सांगावा एवढा पुरावा जमलेला नाही. प्रयोग लहान आहेत आणि प्रत्येकाने वेगवेगळे रुग्ण घेतलेत. ओपीडीत मी पाहिलं ते असं: योग्य माणसाला फरक पडतो, ड्रॉप सात-आठवरून तीन-चारवर येतात. चुकीच्या माणसाला काही होत नाही, किंवा डोळा नुसता वाहत राहतो. सगळ्यांची सरासरी काढली की चित्र धूसर होणारच.

त्रास म्हणाल तर सगळ्यांत जास्त वेळा होतं ते हे की प्लग पडतो. डोळा चोळला, तोंड पुसताना पदर जोरात फिरवला, की गेला. एका आजींनी पडलेला प्लग पंचांगाच्या कागदाच्या पुडीत जपून आणला होता, 'हाच परत बसवा' म्हणून. जुना बसवत नाहीत, आणि कधी दुसरा थोडा मोठ्या मापाचा लागतो. प्लग पडणं ही धावत यायची गोष्ट नाही. कोपऱ्यात टोचत राहिलं तर मात्र दाखवा, डोकं बुबुळाला घासत असेल. क्वचित तो आत सरकतो, क्वचित तिथे मांसाचा लाल फुगवटा येतो किंवा नळीला संसर्ग होतो. नाकाच्या कोपऱ्याशी सूज, दाबल्यावर पू, डोळा लाल होऊन ठणकणं, उजेड सहन न होणं, एकदम धूसर दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शाळा सुटायची वाट बघू नका.

घरातलं थोडकं. पंखा थेट तोंडावर नको. कूलरची हवा ओली असली तरी झोत डोळ्यांवर आला की ती सुकवतेच, कूलर पायाकडे वळवा. स्कुटीवर कडेनेही झाकणारा गॉगल घाला, संध्याकाळी बिनरंगी काचेचा. आणि शाळेची ती ऑनलाइन माहिती भरणं! हल्ली शिक्षकांचे डोळे मुलांच्या वह्यांपेक्षा मोबाइलवरच जास्त जातात हे मला माहीत आहे. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि मिटतो त्याही अर्ध्याच. एकेका विद्यार्थ्याची माहिती भरून झाली की डोळे पूर्ण मिटून दोन-तीन सेकंद तसेच ठेवा, मग पुढचं नाव.

डॉक्टरांकडे परत जाल तेव्हा सरळ विचारा: माझ्या पापण्यांची सूज उतरली का? विरघळणारा बसवताय की सिलिकॉनचा? खालचे दोनच की चारही? एकेकाचे किती घेणार आणि पडला तर दुसऱ्याचे किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

राहिलं लग्न. मे महिन्याला अवकाश आहे. आजपासून पापण्या शेकायला लागलात, मध्ये संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जाऊन आलात, तर एप्रिलच्या सुरुवातीला प्लग बसवून महिनाभर त्याची सवय होईल. लग्नाच्या आठवड्यात नवीन काही करू नका. मांडवात होमापासून लांब बसा, तो धूर तुमच्या डोळ्यांना अजिबात चालणार नाही. हळदीचे हात डोळ्यांना लावू नका.

आणि पाठवणी. खरं सांगतो, प्लग असलेलं पाणी धरून ठेवतो, नसलेलं आणत नाही. त्यामुळे भाची गळ्यात पडेल तेव्हा डोळे भरून येतील याची हमी मी देऊ शकत नाही. पण ड्रॉपची बाटली पर्समध्ये असेलच. निघायच्या गडबडीत जरा बाजूला होऊन एकेक थेंब टाका. तेवढ्या गर्दीत कोणाला कळतंय, पाणी आतून आलं की बाटलीतून.